गृहपाठाला परीक्षा करू नका

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एक नियमावली काढली. ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या पदवीत जमा करण्याची मुभा तिने विद्यापीठांना दिली आणि एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी २० टक्के ही त्याची कमाल मर्यादा ठरवली. २०२१ च्या नव्या नियमावलीने ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. दोन्ही वेळा चर्चा झाली ती व्याख्यानांची. नामवंत प्राध्यापकांची चित्रफीत खेड्यातल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल का, इंटरनेटचा वेग पुरेल का, वर्गातला शिक्षक निरुपयोगी ठरेल का, असे प्रश्न विचारले गेले. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्यापुढे येणाऱ्या साप्ताहिक प्रश्नावलीकडे, म्हणजे ऑनलाइन गृहपाठाकडे, मात्र फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक शिकणे घडते किंवा बिघडते ते तिथेच.

हे तपासण्यासाठी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राइतका उपयुक्त विषय नाही. इतिहासाचा विद्यार्थी चांगले व्याख्यान ऐकून बरेच काही घेऊन जाऊ शकतो. रसायनशास्त्र ऐकून येत नाही. मोल ही संकल्पना, समीकरणाचा तोल, द्रावणाची तीव्रता, आम्ल आणि आम्लारी यांचा हिशेब या गोष्टी हाताखालून जाव्या लागतात. अनेकदा चुकाव्या लागतात आणि चूक नेमकी कुठे झाली हे त्याच बैठकीत कळावे लागते. भारतात या विषयाची पायाभरणी करणारे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे वर्ग स्वतःकडे घेण्याचा आग्रह धरला, त्यामागे हीच जाण असावी. पाया कच्चा राहिलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षांत कोणीही सावरू शकत नाही.

एक अगदी साधे उदाहरण घेऊ. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांची अभिक्रिया झाली, तर किती ग्रॅम पाणी तयार होईल? बरोबर उत्तर १८ ग्रॅम. हायड्रोजनचे २ मोल आहेत, ऑक्सिजनचा अर्धा मोल आहे. हायड्रोजनच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. म्हणून ऑक्सिजन आधी संपतो, एक मोल पाणी तयार होते आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. आता चुकीची उत्तरे पाहा. एक विद्यार्थी लिहितो, २० ग्रॅम. त्याने दोन्ही वस्तुमानांची बेरीज केली आहे. वस्तुमान नाहीसे होत नाही हा नियम त्याला ठाऊक आहे, फक्त काही हायड्रोजन शिल्लक राहील हे त्याच्या ध्यानात आलेले नाही. दुसरा लिहितो, ९ ग्रॅम. त्याने मोल बरोबर काढले, पण अर्ध्या मोल ऑक्सिजनपासून अर्धाच मोल पाणी होईल असे धरले. समीकरणातील दोनाचा आकडा त्याच्यासाठी शोभेचा आहे. तिसरा लिहितो, ३६ ग्रॅम. इथे मात्र दोन शक्यता आहेत. कदाचित त्याने सगळा हायड्रोजन वापरला जाईल असे मानले असेल. कदाचित ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असतो हे विसरून ३२ ऐवजी १६ ने भागले असेल. त्याला ‘ऑक्सिजनचे किती मोल घेतलेस?’ असा एकच उपप्रश्न विचारला की उलगडा होतो.

चांगला शिक्षक नेमके हेच करतो. चुकलेल्या उत्तरावर फुली मारून तो पुढे जात नाही; ते उत्तर वाचतो आणि त्यातून विद्यार्थ्याच्या मनातला हिशेब ओळखतो. अडचण आहे ती संख्येची. समजा, वर्गात ८० विद्यार्थी आहेत आणि शिक्षकाने आठवड्याला पाचच उदाहरणे दिली. प्रत्येक उदाहरण तपासायला दोन मिनिटे धरली, तरी ८०० मिनिटे, म्हणजे तेरा तासांहून अधिक वेळ केवळ एका वर्गाच्या वह्यांत जाईल. असे तीन-चार वर्ग आणि प्रयोगशाळेचे तास सांभाळणाऱ्या, त्यातही अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाकडून ही अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि नोंदणीकृत महाविद्यालयांची संख्या ४५ हजारांच्या वर होती. त्यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला गृहपाठ येतच नाही. येते ती सत्राअखेरची परीक्षा आणि तिचा काही आठवड्यांनी लागणारा निकाल. कोणते उदाहरण कुठे चुकले हे त्यांना कधीच समजत नाही.

ही उणीव आजची नाही. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम आणि परीक्षा घेऊन पदव्या देणे हे विद्यापीठाचे काम, अशी ती वाटणी होती. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याचा मार्ग मोकळा झाला, तरी संलग्न महाविद्यालयांचा ढाचा टिकला आणि स्वातंत्र्यानंतर तो कित्येक पटींनी वाढला. शिकवणाऱ्याने तपासायचे नाही आणि तपासणाऱ्याने विद्यार्थ्याला ओळखायचे नाही, ही आपल्या उच्च शिक्षणाची जुनी रीत आहे. विद्यार्थ्याला त्याची चूक परत सांगण्याची जबाबदारी या रचनेत कोणाकडेच नव्हती.

या पार्श्वभूमीवर संगणकावरचा गृहपाठ हे खरोखर मोठे साधन आहे. त्याची कल्पना पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या संगणकप्रणालीवर पुढे रसायनशास्त्राचे धडे तयार झाले आणि विद्यार्थी पडद्यासमोर बसून उदाहरणे सोडवू लागले. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील अध्यापकांनी ‘आउल’ नावाची प्रणाली उभी केली. तिचे तत्त्व सोपे होते. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच धाटणीचे, पण वेगळ्या आकड्यांचे उदाहरण मिळेल; उत्तर चुकले तर लगेच सूचना मिळेल; आणि पुन्हा नव्या आकड्यांवर, जमेपर्यंत प्रयत्न करता येईल. एखाद्या प्रकारची उदाहरणे सलग बरोबर सोडवता आली की विद्यार्थी पुढच्या पायरीवर जाईल. प्रत्येकाचे आकडे निराळे असल्याने शेजाऱ्याचे उत्तर उतरवून उपयोग नव्हता. शेजाऱ्याकडून रीत मात्र समजून घेता येत होती, आणि ती तशी घ्यावी हाच उद्देश होता.

पुढे काय घडले हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशा प्रणाली मोठ्या पाठ्यपुस्तक प्रकाशकांच्या हाती गेल्या. पुस्तकाबरोबर एक सांकेतिक क्रमांक विकला जाऊ लागला. तो घेतल्याखेरीज गृहपाठ उघडत नाही आणि अभ्यासक्रम संपला की तो निरुपयोगी होतो. जुने पुस्तक स्वस्तात घेण्याची गरीब विद्यार्थ्याची वाट त्यामुळे बंद झाली, कारण वापरलेला क्रमांक दुसऱ्याला चालत नाही. अंतिम गुणांत गृहपाठाचा वाटा ठरलेला असल्यामुळे गृहपाठ करण्याचेही पैसे मोजणे भाग पडले. त्याला उत्तर म्हणून तिथल्याच काही अध्यापकांनी खुली पाठ्यपुस्तके आणि खुले गृहपाठ उभारण्याची चळवळ चालवली. दुसरीकडे, गुणांसाठी केलेल्या गृहपाठाची तयार उत्तरे विकणारा एक समांतर व्यवसायही फोफावला. साधन तेच होते. त्याची मालकी आणि त्याला जोडलेले गुण या दोन गोष्टींनी त्याची दिशा बदलली.

आपल्याकडे मालकीचा प्रश्न तुलनेने चांगला सुटला आहे. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. त्याची व्याख्याने आज कोणालाही मोफत पाहता येतात, आणि ‘स्वयम्’वरील विज्ञान व अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांचा तो कणा आहे. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले इतके मोठे ज्ञानभांडार जगात फार थोड्या देशांकडे आहे. माझी तक्रार गृहपाठाच्या रचनेबद्दल आहे. तिथे दर आठवड्याला एक प्रश्नावली उघडते आणि ठरलेल्या तारखेला बंद होते. मुदत संपेपर्यंत उत्तरे कितीही वेळा बदलता येतात, पण गुण मिळतात शेवटच्या उत्तराला. आणि कोणते उत्तर बरोबर होते ते मुदत उलटल्यावर कळते. अंतिम निकालात या प्रश्नावल्यांना २५ टक्के आणि देखरेखीखालच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असते. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ प्रश्नावल्यांची सरासरी धरली जाते.

नियम म्हणून यात गैर काही नाही. पण आपला ३६ ग्रॅम लिहिणारा विद्यार्थी इथे काय करेल याचा विचार करा. तो सोमवारी उत्तर देतो. ते चुकले आहे हे त्याला त्या क्षणी कोणी सांगत नाही. बरोबर उत्तर समोर येईपर्यंत नवे प्रकरण सुरू झालेले असते आणि नवी प्रश्नावली डोक्यावर असते. आपण हायड्रोजनबाबत चुकलो की ऑक्सिजनबाबत, हे शोधायला मागे वळण्याची सवड आणि इच्छा किती जणांकडे उरेल? प्रश्नावली सर्वांना बहुधा एकच असते. त्यामुळे अमुक अभ्यासक्रमाच्या अमुक आठवड्याची उत्तरे सांगणाऱ्या चित्रफिती यूट्यूबवर आणि टेलिग्रामच्या गटांवर मुदतीपूर्वीच हजर होतात. परतीची सूचना नाही आणि गुण मात्र आहेत, अशा व्यवस्थेत उत्तर उतरवणे हाच विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत शहाणा मार्ग ठरतो. त्याला नैतिकतेचे पाठ देऊन हे बदलणार नाही.

अनेक विद्यापीठे आणि महाविद्यालये आता स्वतःच्या ऑनलाइन प्रणाली वापरतात. तिथेही बहुतेक ठिकाणी हाच नमुना दिसतो: चार पर्याय, एक वेळमर्यादा, एक गुण. थोडक्यात, आपण संगणकाकडून उत्तरपत्रिका तपासून घेण्याचे काम तत्परतेने घेतले आणि चूक समजावून सांगण्याचे काम बाजूला ठेवले. संगणकाचे वैशिष्ट्य होते ते हे दुसरे काम. एकाच वेळी ऐंशी विद्यार्थ्यांना ऐंशी वेगळी उत्तरे ताबडतोब देणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही, यंत्राला आहे.

इतिहासात आपण या वळणावर याआधीही आलो होतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये परीक्षा पद्धतीची सुधारणा ही सर्वांत निकडीची बाब ठरवली आणि वर्षभरातील कामालाही गुणांत वाटा देण्याची शिफारस केली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला. दोन्ही आयोगांना हवे होते ते वर्षभर चालणारे शिकणे. प्रत्यक्षात काय आले? अंतर्गत गुण आले आणि अंतर्गत काम आले नाही. कुठे सरसकट सर्वांना भरघोस गुण वाटले गेले, कुठे ते शिक्षकाच्या हातातले हत्यार बनले. मग त्यावर उपाय म्हणून नियंत्रण आले, नमुने आले, तक्ते आले, आणि अंतर्गत मूल्यमापन ही आणखी एक छोटी परीक्षा होऊन बसली. प्रशासनात हयात घालवलेल्या माणसाला या प्रक्रियेचे आश्चर्य वाटत नाही. आमच्या यंत्रणेला जे मोजता येते तेच ती सांभाळते. गुण मोजता येतात. ‘आता समजले’ असे विद्यार्थ्याने मनाशी म्हटलेला क्षण कोणत्याही तक्त्यात बसत नाही. ऑनलाइन गृहपाठ त्याच वाटेने निघाला आहे.

आता या वादात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. त्यानंतरच्या काळात प्रश्नाचे मोबाइलने छायाचित्र काढले की रीतसर सोडवलेले उदाहरण मिळू लागले. त्यामुळे घरी बसून सोडवलेल्या प्रश्नावलीवरून विद्यार्थ्याची पात्रता ठरवणे निरर्थक झाले आहे. काही जण यावर कॅमेरे, पाळत ठेवणाऱ्या प्रणाली आणि कडक नियम सुचवतात. आठवड्याच्या गृहपाठावर पहारा बसवणे खर्चिक आहे आणि शिक्षणाला मारकही. ज्याच्यावर पहारा आहे तो माणूस मोकळेपणाने चुकत नाही. त्यापेक्षा सरळ मार्ग असा की सराव आणि परीक्षा यांची फारकत करावी. ज्या सरावाला गुण नाहीत किंवा नाममात्र आहेत, तिथे फसवणूक करून मिळवण्यासारखे काही उरत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. अनेक अनुभवी प्राध्यापक सांगतील की गुण नसतील तर विद्यार्थी गृहपाठाला हातच लावणार नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. आपल्या विद्यार्थ्यांना बारा वर्षांच्या शाळेने आणि शिकवणी वर्गांनी गुणांच्या भाषेतच वाढवले आहे. कमावत्या घरातून न आलेला, सकाळी कॉलेज आणि दुपारी नोकरी करणारा विद्यार्थी आपला वेळ तिथेच घालणार जिथे त्याचे फळ दिसते. म्हणून गुण पूर्ण काढून टाका असे मी म्हणत नाही. थोडे गुण असावेत, पण ते उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर आल्याचे नसावेत. उदाहरण अखेर जमेपर्यंत प्रयत्न केल्याचे असावेत. आणि दर पंधरवड्याला वर्गात वीस मिनिटांची, कागदावर लिहायची चाचणी असावी, जिचे प्रश्न त्याच सरावसंचातून, आकडे बदलून घेतलेले असतील. घरी उत्तरे उतरवली त्याला तिथे काही लिहिता येणार नाही. घरी दहा वेळा चुकून अकराव्यांदा ज्याला जमले, त्याला येईल. मग सराव केल्याचे फळ विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर दिसेल.

यासाठी लागणारे तंत्रज्ञान दुर्मिळ नाही. देशातील असंख्य महाविद्यालये आधीच वापरत असलेल्या ‘मूडल’ या खुल्या, विनामूल्य प्रणालीत प्रत्येकाला वेगळे आकडे देण्याची आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी वेगळी सूचना लिहून ठेवण्याची सोय आहे. कमतरता आहे ती त्या सूचना लिहिणाऱ्यांची. २० ग्रॅम, ९ ग्रॅम आणि ३६ ग्रॅम या उत्तरांमागे काय दडले आहे हे संगणकतज्ज्ञाला ठाऊक नसते. ते ठाऊक असते पंधरा-वीस वर्षे पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवलेल्या, बहुधा कोणत्याही आयआयटीत नसलेल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या अध्यापकाला. त्याचे हे ज्ञान आज त्याच्याबरोबर निवृत्त होते. अशा अध्यापकांना मानधन, श्रेय आणि कामाच्या तासांत सवलत देऊन पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राची एक राष्ट्रीय सरावपेढी तयार करता येईल. शोधनिबंधांच्या संख्येवर बढती देणाऱ्या आपल्या नियमांत या कामालाही मोल मिळायला हवे.

ही पेढी भारतीय भाषांत असली पाहिजे. वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ पासून परिभाषा घडवत आला आहे. शब्द उपलब्ध आहेत. विद्यार्थ्याला प्रश्न इंग्रजीत वाचता येतोही, पण आपण का चुकलो हे समजावून घेताना त्याला स्वतःची भाषा लागते. शिवाय ती संगणकापेक्षा मोबाइलसाठी रचली पाहिजे, कारण बहुतेकांच्या हातात तोच आहे. रासायनिक सूत्र टंकताना खालचा आकडा नीट उमटला नाही, किंवा ०.१० ऐवजी ०.१ लिहिले, म्हणून बिनचूक विचार करणारा विद्यार्थी नापास ठरू नये. सार्थ अंकांची शिस्त रसायनशास्त्रात महत्त्वाची आहे, हे खरे. पण ती शिकवायची असेल तर ‘तुझा हिशेब बरोबर आहे, अंक मात्र कमी लिहिलास’ असे सांगायला हवे. लाल फुली हे सांगत नाही.

अशा व्यवस्थेत शिक्षक निरुपयोगी होईल ही भीती अनाठायी आहे. वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी जर शिक्षकाला कळले की ऐंशींपैकी तीस जणांनी ऑक्सिजनचा रेणू एका अणूचा धरला आहे, तर त्या दिवशी काय शिकवायचे हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. अट एकच: चुकांची ही नोंद शिकवण्यासाठीच वापरली जावी. ती निकालपत्रात, शिक्षकाच्या मूल्यमापनात किंवा महाविद्यालयाच्या क्रमवारीत शिरली, तर चुका लपवण्याची स्पर्धा सुरू होईल आणि सारे मुसळ केरात जाईल.

ऑनलाइन श्रेयांकांची मर्यादा २० टक्के असावी की ४० टक्के, यावर पुन्हा केव्हा तरी चर्चा होईलच. त्या वेळी आयोगाने आपल्या नियमावलीत एक कलम जोडावे: श्रेयांकासाठी मान्य होणाऱ्या प्रत्येक अभ्यासक्रमात गुणांपासून वेगळा असा सराव असेल, चुकलेल्या उत्तराचे कारण विद्यार्थ्याला त्याच बैठकीत सांगितले जाईल, आणि ते त्याला समजेल अशा भाषेत असेल. या कलमाला टक्केवारी लागत नाही. पण संलग्न महाविद्यालयातल्या शेवटच्या बाकावर बसून ३६ ग्रॅम लिहिणाऱ्या मुलीच्या दृष्टीने त्या नियमावलीतले तेच सर्वांत महत्त्वाचे कलम असेल.